पियानो सुरात आहे

विनिपेगच्या पोस्टात माझ्यापुढे दोन म्हाताऱ्या मैत्रिणी रांगेत उभ्या होत्या.

"व्हर्ना, पियानो लावायला तो हॉलवर्सन पुन्हा येऊन गेला म्हणे?"

"काय करणार डोरीन, थंडीत सूर उतरतात गं."

"दर महिन्याला?"

"मी पियानोजवळची खिडकी उघडी ठेवते."

"या बर्फात? लाकूड तडकेल की! तुझ्या नवऱ्याची तेवढीच आठवण उरलीय ना?"

"म्हणूनच या वेळी मन धजावलं नाही. खिडकी बंद ठेवली आणि तरी त्याला बोलावलं."

"मग?"

"सगळ्या पट्ट्या वाजवून म्हणाला, व्हर्नाबाई, पियानो अगदी सुरात आहे."

"अगं बाई! गेला मग निघून?"

"छे! कोट काढून खुंटीला अडकवला आणि विचारलं, सूप कसलं शिजतंय?"