अण्णांचा हसरा चेहरा

दाताच्या दवाखान्यात सासरे जावयावर असे कडाडले की भिंतीवरच्या चित्रातली कवळीसुद्धा मिटली, असं नर्सबाई अजून शपथेवर सांगतात.

"जावईबापू, 'अण्णा, जरा हसा' म्हणालात, आणि त्या घाणेरड्या साइटला वयाचा पुरावा म्हणून माझा चेहरा दाखवलात? वर मोबाइल नंबरही माझाच?"

"चेहरा दाखवून वय पटवायचं, सरकारचा नियमच आहे, अण्णा. माझा दिला तर माझं नाव लागतं."

"आणि माझं लागलं ते? 'वय पटलं, स्वागत आहे' हा माझ्या मोबाइलवर आलेला मेसेज मुलीनं वाचला. आठ दिवस बोलत नाही माझ्याशी!"

"मी समजावलं तिला. म्हटलं, अण्णांचं वय झालंय, सांभाळून घे."

"म्हणजे माझी वकिलीही तुम्हीच केलीत! लावा तिला फोन."

"इथं? सगळ्यांसमोर?"

"स्पीकरवर लावा!"

नर्सबाईंनी पुढचा नंबर तीनदा पुकारला. दाढ धरून बसलेलं एकही माणूस उठेना.