नदीतला वाढता ढीग

दारव्ह्याच्या बसस्थानकावर माझ्या मागच्या बाकावर भगवानराव आणि त्यांची पुतणी कोकिळा बोरीच्या गाडीची वाट पाहत होते.

“पाटबंधाऱ्याचे सायेब भेटले काय, काकाजी?”

“भेटले. नदीत गाळ कसा साचते, ते काम्पुटरवर काढून राह्यले. आपल्या वळणावर मोठा ढीग दाखवते म्हणे.”

“तिथं कुठी गाळ हाय?”

“दर महिन्याले दुपारी ड्रोननं फोटू काढले. त्या वक्ताले तिथं आपली म्हैस बसते ना. म्हटलं, सायेब, हा ढीग नाही, म्हशीची पाठ व्हय.”

“मंग?”

“म्हणे, काम्पुटर चुकत नाही. सोमवारी खोदाले पोकलेन पाठोतो.”

“अवं माय, म्हशीवर पोकलेन?”

“म्हणून तं तिच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर देल्ला. सरपंचाचं पत्र देल्लं. तवा पोकलेन थांबलं.”

“मानलं म्हणा शेवटी.”

“अर्धं मानलं. म्हणे, म्हैस असन तं ढीग सहा महिन्यापासून वाढून कायले राह्यला?”

“तुमी काय सांगतलं?”

“गाभण हाय, म्हटलं. तेही लिहून घेतलं त्याईनं. मंग विचारलं, गाळ कमी कधी होईन?”

“मंग?”

“म्हटलं, दिवाळीच्या आसपास.”