टँकर आला आणि रांगोळीचे बाण राहिले

सकाळी बरोबर साडेदहाला सुरू झालं बघा. आमच्या महिला दूध संस्थेच्या म्हशींमुळं गावात काय बदललं, ते तपासायला शहरातून एक सर आलते. म्हणाले, "ताई, एकेक गोष्ट सुटी सांगू नका. कशामुळं काय होतं, ते रांगोळीनं बाण काढून जोडा."

आम्ही जोडलं. म्हशीपासून दूध, दुधापासून पैसा. सर खूश. सासूबाई म्हणाल्या, "आन् म्हशीला पाणी कुठनं येतं? टँकर काढ की गं."

मी टँकर काढला, तिथून बाण माझ्यापर्यंत आणला. मांडीवरची तान्ही दाखवून विचारलं, "सर, मी पाण्याला गेल्यावर हिला कोण धरतं?"

"छान प्रश्न आहे. त्यावर आपण नंतर येऊ."

तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला. सगळ्या बाया हंड्यांकडं पळाल्या, सासूबाई सगळ्यांत पुढं. पाणी हुकलं तर म्हैस तहानलेली राहणार. पोरगी सरांच्या मांडीवर ठेवली न् पळाले.

परत आले तर रांगोळी पायांनी पुसलेली, पोरगी झोपलेली न् सरांची पँट ओली.

"सर, बाण कुठवर आला?"

"माझ्यापर्यंत आला, ताई. हळू बोला, आत्ताच झोपलीय."

तुमच्याकडं असं कुणी येणार असेल तर एवढा निरोप द्या: टँकर येऊन गेल्यावर या, आणि दुसरी पँट संगं आणा.