पोट मऊ लागलं म्हणे

—छे, खुर्ची नको, मी उभीच बरी. तुम्ही कॅमेरा चालवणारे ना? मग मला समजावत बसू नका, भिंतीवरचं तुमचं पत्रक चार वेळा वाचून झालंय माझं. शाळेचं तोंड नाही पाहिलं, पण वाचते—दिराच्या फाटक्या पुस्तकांवर शिकले. रक्त काढायचं, त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या करायच्या, त्यांना ते किरणांचं औषध लावून परत शिरेत सोडायचं—मग सूज असेल तिथे त्या गोळा होतात आणि तुमचा कॅमेरा त्यांच्या मागावर. बरोबर? बघा!

आमच्या गल्लीत मला विचारल्याशिवाय कोणी खोकतसुद्धा नाही. काल नातीचं पोट दुखायला लागलं, आधी बेंबीपाशी, मग उजवीकडे खाली—सून म्हणाली, दवाखान्यात नेऊ या का? मी म्हटलं, वायू आहे. चार बायकांसमोर म्हटलं, आणि मी एकदा म्हटलं की म्हटलं. —नाही हो, भांडली कुठली! उलट बोलत नाही ती, तोच तर घोटाळा.

आज शेवटी आणलं, तर मोठ्या डॉक्टरांनी पोट दाबलं—मऊ लागलं म्हणे, फारसं दुखतही नाहीये, सोनोग्राफीत अपेंडिक्स धड दिसत नाही, म्हणून हा तुमचा फोटो. तोवर कापायची घाई नको. अकरा वर्षांची पोर, कशी शहाण्यासारखी पडून राहिली! शहाणी कसली—निघताना मीच माझ्या गुडघेदुखीच्या दोन गोळ्या तिच्या तोंडात घातल्या. दुखणं थांबलं असतं तर वायूच ठरला असता, नाही का?

डॉक्टरांनी विचारलं की—घरी काही दिलंत? मी म्हटलं, पाण्याशिवाय काही नाही. पोरीने माझ्याकडे पाहिलं. बोलणार कशी? मीच बजावलं होतं, आईला सांगायचं नाही.

असे काय बघताय? दोनच तर गोळ्या… बरं, चार. सकाळी उठल्यावर दोन. —काय? त्यांनीच दुखणं दबलं, म्हणून पोट मऊ लागलं?

अहो, फोन कुणाला लावताय? डॉक्टरांना? थांबा—थांबा म्हणते ना! मी बोलते. तुम्हीच धरा कानाशी. सून दारात आहे? असू दे. ऐकू दे.

हॅलो, डॉक्टर? पोरीची आजी बोलतेय. मघाशी मी तुमच्याशी खोटं—

आणा तो फोन इकडे, धरते मी. तुम्ही काय ऐकत उभे राहिलात? जा आत. पोर एकटी आहे.