घाट उतरेपर्यंत गप्प

मंडळी, बसा. दारात उभे आहेत त्यांनीही आत येऊन बसा. मला बोल म्हणाले, मी नको म्हटलं. मला भाषण येत नाही. मला शिव्या येतात, आणि गणपत मास्तर गेल्यापासून त्याही सुचेनात. पण शेवंता म्हणाली, "मावशी, तुम्ही बोलला नाहीत तर यांना चैन पडायचं नाही." शेवंता म्हणजे मास्तरची बायको, ही समोर बसलीय. म्हणून उभी राहिले.

मास्तर खाटेवर गेला. दुखण्यानं गेला, लेकीच्या हातचं पाणी पिऊन गेला. जन्मभर या घाटात गाडी चालवलेला माणूस खाटेवर मरतो, ही केवढी कमाई! पण तिचं कौतुक कुणाला? जो उलटतो त्याचीच बातमी होते.

मी वांगणी पाड्याची. नागली, वरई घेऊन जव्हारच्या बाजाराला यायची. मास्तरनं तेव्हा जीपला लाल 'एल' अक्षराची पाटी लावून पोरांना गाडी शिकवायला घेतलेली. एक दिवस माझ्या टोपलीपाशी थांबला.

"मावशी, तुला बाजाराला फुकट नेतो, फुकट आणतो. तू फक्त मागच्या सीटवर बसायचं."

"बसून काय करू?"

"बोलायचं."

"काय बोलू?"

"बोलतेस तेच."

मला वाटलं थट्टा करतोय. थट्टा नव्हती. तो म्हणायचा, क्लच, गिअर कुणीही शिकेल. पण आपल्या जीपमध्ये मागं दहा माणसं असतात, दोन कोंबड्या असतात आणि एक भांडण असतं. ड्रायव्हर उत्तर द्यायला मान वळवतो, तेवढ्यात रस्ता वळलेला असतो. म्हणून गाडी शिकायची ती कालव्यात, गोंगाटात शिकायची. आणि माझ्याएवढा कालवा करणारं माणूस त्याला आख्ख्या तालुक्यात सापडलं नाही.

मग काय, मी सुरू झाले. "अरे रेड्या, जीप हाकतोस की नांगर?" "तुझं लग्न मोडलं म्हणे, खरं का?" लग्नाचं काढलं की निम्मे मागं बघायचे. मास्तरच्या पायाशी दुसरा ब्रेक होता. गाडी थांबायची. मास्तर ओरडायचा नाही. एवढंच म्हणायचा, "उतर. घाट पायी उतर, खाली भेटू." पायी उतरलं की कळायचं, वळणावर कोण असतं. मोळीवाल्या बाया असतात. शाळेची पोरं असतात. गुरं रस्त्यातच बसलेली असतात. गाडीतून ती दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

हसू नका रे मागचे. तुम्ही सगळे पायी उतरलेले आहात. मला तोंडं ओळखू येतात.

मग माझा नातू विलास शिकायला आला. त्याला मी पोटभर शिव्या दिल्या. पठ्ठ्यानं मान वळवली नाही. मला वाटलं, झाला पास. घाटाच्या शेवटच्या वळणावर मी सहज विचारलं, "विलास, भाकरी खाल्लीस का रे?" आणि तो वळला. मागं बघून हसला.

ब्रेक लागला. मास्तर म्हणाला, "मावशी, शिव्यांना कुणीही टिकतो. मायेला वळतात."

विलास नापास. मला असा राग आला! दुसऱ्या बाजाराला चार लोकांत मी मास्तरला म्हणाले, "तुला मुलगा नाही, म्हणून माझ्या नातवावर जळतोस." ऐकलंत? असं बोलले मी. शेवंता, तू तिथंच होतीस. माझी टोपली कलली होती, ती मास्तरनं सरळ केली आणि गेला.

पुढं किती बाजार मी दुसऱ्यांच्या जीपला लोंबकळत गेले. मास्तरची गाडी मात्र दर बाजाराला माझ्या पाड्यापाशी यायची, हॉर्न द्यायची, थांबायची, रिकामी जायची. शेवटी एक दिवस बसले. विलास तोवर चारदा पायी घाट उतरला होता. त्या दिवशी तोच चालवत होता; मी विचारलं, "भाकरी खाल्लीस का?" तो समोर बघत म्हणाला, "खाल्ली आजी. आता गप्प बस." पास!

मागल्या होळीला विलास वावर गावच्या बाया घेऊन येत होता. वनिताचं पोर मागं ओकलं, त्यानं डोळे फिरवले. वनिता किंचाळली. कुणीही वळलं असतं. विलास वळला नाही. आणि वळणापलीकडं रस्त्यात बैलजोडी उभी. शिंगात आणि काचेत वीतभर अंतर राहिलं. त्यानं गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, आणि मग मागं बघून विचारलं, "वनिताताई, काय झालं पोराला?"

वनिता, पोर कुठंय? ते बघा, मास्तरच्या हाराची फुलं खातंय. खाऊ दे.

आता माझं काम. मास्तर, मी चार लोकांत बोलले होते, म्हणून चार लोकांतच सांगते. चुकलं माझं. तू असताना सांगायला हवं होतं. दर बाजाराला तुझ्या मागच्या सीटवर बसून जगाला बोलले, आणि एवढं एक बोलायचं राहिलं. तुला मुलगा नव्हता म्हणाले. बाहेर जीपा लावून आलेले हे सगळे कोण आहेत मग?

आणि सोमवारपासून पाटीची गाडी सुमन काढणार आहे. मास्तरची लेक. कोण म्हणालं, बाई शिकवणार? उभा राहा. तुला तर पहिला बसवते. मागच्या सीटवर मीच आहे.

टपावर बसून आलेत तेही ऐका. त्याच्या शोकसभेला टपावरून येता, लाज नाही? जाताना दोन फेऱ्या करा.

आता उभं राहून शांत राहायचं असतं म्हणतात. इथं नको. इथं गप्प राहायला काय लागतं? गाडीत बसा, आणि घाट लागला की गप्प व्हा. खाली उतरेपर्यंत ड्रायव्हरशी कुणी बोलायचं नाही. मास्तरसाठी तेवढं करा.

मीही करीन. विलास सकाळपासून उपाशी आहे, मला माहीत आहे. घाट उतरल्यावर विचारीन.