लेकीचा पर्यटन कर

नाही हो साहेब, पर्यटक कुठली, लेक आहे माझी — पोटची, सख्खी. तो शब्द खोडा आधी. पासपोर्ट परदेशी आहे म्हणून माणूस परदेशी होतो होय? होतो, तुमच्या कायद्यानं होतो, कळलं मला, मघापासून तुम्ही तेच सांगताय — परदेशी माणूस कुणाच्या घरी उतरला की दुसऱ्या दिवशी इथं येऊन नोंद करायची, आणि जितक्या रात्री राहील तितक्या रात्रींचा पर्यटन कर भरायचा. ऐकलं. बहिरी नाही मी. फक्त ती काच जरा पुसत जा हो, काय ते ठसे, शी, कुणीतरी पार तोंड लावून बोललंय इथं, वाफ वाळलीय चक्क. आणि हे पेन — दोरीला बांधलंत, बरोबर केलंत, लोक काय सरणावरचं लाकूडही नेतील — पण टोपण कुणी चघळलंय याचं? दात उमटलेत. मी नाही हात लावायची. माझं आहे माझ्याकडे.

तर लेक. ढमी म्हणायचो आम्ही तिला, गुबगुबीत होती ना — आता बघा, ती काय बाहेर बाकावर बसलीय, पिशवी मांडीवर घेऊन, चिपाड झालंय पोरीचं. काल आली. तिकडे नोकरी लागली, तिकडेच लग्न, मग ते लग्न मोडलं, आणि मग राहायचं तर आमचा पासपोर्ट घ्या म्हणाले तिकडचे. घेतला बिचारीनं. करते काय? म्हणजे तिकडे राहायचं तर तिकडची हो, आणि इकडे यायचं तर कर भर — धड ना घरची ना दारची. मी गोड सोडलं होतं तिच्यापायी. देवाला सांगितलं होतं, माझी पोर उंबरा ओलांडून आत येईपर्यंत साखरेचा कण जिभेवर ठेवणार नाही. हसू नका, तुमच्या आईला विचारा, तिनंही काहीतरी सोडलं असेल तुमच्यासाठी, तुम्हाला पत्ता नसेल. काल तिनं उंबरा ओलांडला, मी चमचाभर साखर तोंडात टाकली — आणि तेवढ्यात सूनबाई म्हणते, "ताई, बूट बाहेर हं, आत्ताच पुसलंय, संध्याकाळी गिऱ्हाईक यायचंय." ती साखर तोंडातच राहिली माझ्या.

जाऊ दे, ते घरातलं झालं. कामाचं बोलू. तुमच्या मागच्या पाटीवरच लिहिलंय ना — घरातल्यांच्या रक्ताच्या नातेवाइकांना कर माफ? चष्मा लावून वाचलंय मी. आणि पुरावा आणलाय, हा तिचा जन्मदाखला, हे माझं ओळखपत्र, नाक बघा नुसतं दोघींचं, दाखल्याची गरजसुद्धा नाही. झालं तर मग. काय? घरमालकाची सही? करते की! कुठं करू, इथं? ... का? माझी का नाही चालत? अहो, त्या घराची वीट न् वीट ... ते यंत्रात काय लिहिलंय ते मला नका वाचून दाखवू. माहीत आहे मला. मीच केलं ते मुलाच्या नावावर, हे गेल्यावर. सगळे म्हणाले, आज ना उद्या त्याचंच आहे, कशाला हेलपाटे. आणि मुलगा चांगला आहे हो माझा. नाही, खरंच चांगला आहे. कामाचा वाघ. घराच्या केवढ्या खोल्या पाडल्यात, प्रत्येकीला नंबर, प्रत्येकीत गरम पाणी, भिंतीवर ते गार वाऱ्याचं यंत्र — बाहेरचे लोक येतात, राहतात, तारीफ करून जातात. तोच यायचा होता सही करायला. पण सीझन आहे, त्यात कंबर धरलीय त्याची. वाकता येत नाही.

... हो. सही उभ्यानंही होते. खरं आहे तुमचं.

आणि चिठ्ठी आणली असती तरी चालली असती, हो ना? पोरानं घरी बसून, दोन ओळींची. हं. तुम्ही असे बघू नका माझ्याकडे. मागे कुणी नाही ना अजून? नाही. बरं, सांगतेच — कंबरबिंबर काही नाही. नाही म्हणाला. सकाळी दात घासत होता, मी म्हटलं, चल रे बाबा, बहिणीची नोंद करून येऊ, सही तेवढी कर. तर ब्रश तोंडात तसाच, फेस ओठांवर, म्हणतो, "आई, पर्यटक म्हणून नोंदव तिला. तीन नंबर देतो, भाव कमी लावीन." मी म्हटलं, बहीण म्हणून लिही. तर म्हणतो, वकिलानं बजावलंय — एकदा कागदावर बहीण म्हणून घरात शिरली की उद्या वाटा मागायला मोकळी. आणि हे बोलताना तो फेस टपकला त्याच्या बनियनवर, आणि त्यानं तो बोटानं पुसला, आणि ते बोट — शी! साहेब, मी त्याची दुपटी धुतली आहेत, त्याच्या ओकाऱ्या ओंजळीत झेलल्यात, कधी नाक मुरडलं नाही. आज सकाळी पहिल्यांदा मला माझ्या पोराची किळस आली. असं म्हणू नये आईनं. पण आली.

तीन नंबर म्हणजे ढमीचीच खोली. कपाटाच्या दाराला आतून तिनं चित्रं चिकटवली होती, कुत्री, मांजरं, घोडे — त्यांच्यावर आता नियमांचा कागद ठोकलाय, अकराच्या आत खोली सोडा, टॉवेल नेऊ नका. तिला मी ती खोली दाखवलीच नाही. माझ्याच खाटेवर निजवलं. जिन्याखाली. ... हो, मी जिन्याखाली झोपते, त्यात काय झालं? उबदार असतं. धुतलेल्या चादरींचं फडताळ तिथंच आहे, मला बरं पडतं उठल्या उठल्या. आता चादरी कोण धुणार, सूनबाईला पाण्यानं फोड येतात हाताला. आणि नुसत्या चादरी होय? न्हाणीच्या जाळीत केस अडकतात माणसांचे, लांब, आखूड, पांढरे, रंगवलेले, साबणाच्या चिखलात गोळा होऊन — ते काढायचे म्हणजे दोन बोटं आत घालावी लागतात. सुरुवातीला मी जेवत नसे त्या दिवशी. आता काढते, हात धुते, जेवते. माणूस कशालाही सरावतो. काल ढमीनं पाहिलं मला जाळीपाशी उकिडवी बसलेली. बाह्या वर केल्या आणि शेजारी बसली, म्हणाली, "सरक ना आई, मला येतं." अगं तुला कुठून येतं? तर म्हणते, "तिकडे मी काय करते असं वाटलं तुला?"

नोकरी, नोकरी म्हणायचो आम्ही गावभर. मला काय ठाऊक कसली ते.

... नाही, रडत नाहीये. तुमच्या डिंकाचा वास झोंबतोय. ती बाटली झाका बघू, त्यात माशी मेलीय.

हं, काय म्हणालात? लिहून टाका पर्यटक, भरा कर आणि मोकळ्या व्हा? गोड बोलता हो तुम्ही. पैशाचं नाही, तेवढे आहेत माझ्या कमरेला. पण कर कशाचा म्हणून घेता तुम्ही? हे मघाचं पत्रक — रस्ते झाडतो, बाकं बसवतो, कुंड्या ठेवतो, पाहुण्यांनी गाव बघावं म्हणून. माझी पोर गाव बघायला आलीय? या गावात तिचे गुडघे फुटलेत! ती आईपाशी निजायला आलीय. त्याचा कर? आणि तुम्ही म्हणता, तिला कुठं कळणार. पावती पासपोर्टात ठेवून देता ना, निघताना विमानतळावर दाखवायची? मग? तिकडे उभी राहून वाचेल ना ती — नाव अमुक, उतरली भावाच्या घरी, घरमालकाशी नातं काही नाही. आणि मग पुन्हा पाऊल टाकेल ती इकडे? तुम्ही टाकाल? मी गोड सोडीन परत, मीठ सोडीन, अन्न सोडीन — पण ज्या घरानं नातं नाही असं लिहून दिलं त्या घरात देव तरी कुठल्या तोंडानं आणेल तिला?

तिला अजून माहीत नाही, बरं का. तिला सांगितलंय, दादा मागून येतोय सहीला. बघा कशी — दर मोटारसायकलला मान वर करतेय. आली एक की मान वर. गेली की खाली. आणि मी इथं आत तुम्हाला नाकं दाखवतेय!

थांबा. तो शिक्का नका मारू. थांबा म्हटलं ना! मघाशी माझ्या आधी ते पाठपिशव्यांवालं जोडपं होतं, त्यांना तुम्ही काय सांगितलंत — समोरचा लॉजवाला फोनवर हो म्हणाला तरी नोंद होते, तो नातंगोतं विचारत नाही. तो चहाच्या टपरीवरचा लॉज ना? ठाऊक आहे मला, त्याची आई आणि मी एका नळावर पाणी भरायचो. खोल्या कशा आहेत? ढेकूण? असू देत. ढेकूण निदान वकिलाला विचारून चावत नाहीत. लावा त्याला फोन. म्हणावं, एक खोली, दोन खाटा. आणि ढमीचं पर्यटक म्हणूनच लिहा. हो, आता लिहा, आता माझी ना नाही. लॉजात माणूस पाहुणाच असतो, त्यात खोटं काही नाही. आईच्या घरात लेक पाहुणी — ते खोटं. तसलं खोटं माझ्या पेनानं नाही लिहायची मी.

दुसरी खाट? दुसरी खाट माझी. माझीही नोंद घ्या. ... अहो, गंमत कसली? केस पांढरे झालेत माझे, गंमत करायचं वय आहे का? एवढ्या लांबून आलीय, तिला एकटीला लॉजात टाकून मी घरी चादरी पिळत बसू? लॉजात उतरणाऱ्या प्रत्येकाला कर, पण मी स्थानिक आहे म्हणून मला नाही? बघा, एवढं तरी चांगलं लिहिलंय तुमच्या पाटीवर. नका लावू मग. ... दाखला? गावातच राहते याचा दाखला? ओळखपत्रावरचा पत्ता नाही चालत? बरं, तो कोण देतं?

... घरमालक.

वा. वा रे तुमचा कायदा! म्हणजे लेक माझी हेही त्यानंच सांगायचं आणि मी इथली हेही त्यानंच. तुम्ही मला लहानपणापासून ओळखता ना साहेब, तुमच्या मावशीच्या लग्नात मी होते, तुम्ही माझ्या लुगड्यावर — जाऊ द्या, चारचौघांत नाही काढत. पण तुमची ओळख चालत नाही, माझी सही चालत नाही, नाक चालत नाही. मग लावा कर. हो, मलाही लावा. पर्यटक लिहा. दोघींचा एकदम घ्या, हे घ्या, मोजून घ्या, नोटा धुतलेल्या आहेत, साबणाचा वास येईल, घाण नाही. किती मुक्काम? तिचा जितका तितका माझा. पुढचं पुढे बघू — ढमीला हात आहेत, मला हात आहेत, तो लॉजवालाही कुणाकडून तरी चादरी धुऊन घेतच असेल, निदान पैसे देऊन घेत असेल. राहण्याचं कारण? तेही लिहावं लागतं? लिहा — लेकीला भेटायला. नाही, तिच्या रकान्यात नाही हो, माझ्या. तिच्यात लिहा, आईला भेटायला. बसलं की नाही बरोबर?

ढमे! अगं ए ढमे, ऊठ. नको वाट बघूस, तो नाही येत. सांगते वाटेत. ती पिशवी दे इकडे — दे गं, जड नाही मला. आणि टपरीवर चहा घेऊ आधी, साखर घालून.

काय बघताय असे साहेब? माझ्या मागे रांग लागलीय. बोलवा पुढच्याला.