दोन एक्के आणि एक कोंबडा

...नाय नाय, तुमीच सांगा, दोन एक्के आल्यावर माणसानं करायचं तरी काय?

म्हणजे बघा, घरात गौरी आलेल्या, दुपारची जेवणं झालेली, सतरंजी पसरलेली, दरवर्षीसारखी आमची तीनपत्ती बसणार, तर माझा मेहुणा हर्षद, रसायनीला कंपनीत असतो, तो म्हणतो, "दाजी, तीनपत्ती जुनी झाली, आता पोकर." पोकर तर पोकर. दोन पत्ते हातात, पाच मधे उघडे, जुळवा आणि जिंका. बसलो चौघं. मी, हर्षद, शेजारचे मालोजी आणि आमच्या सासूबाई, ज्यांना राजा आणि गुलाम एकच दिसतो.

आणि तुम्हाला सांगतो, पहिल्याच डावाला मला दोन एक्के. हर्षद बोललेला, पत्ता भारी आला की वाढवायचं. वाढवलं. तर सगळे पॅक! सासूबाई पत्ते टाकत म्हणतात, "जावईबापू, तुमी चहा इचारलात तवाच कळलं." हा माझा रोगच हाय हो... पत्ता चांगला आला की मला माणसं आवडायला लागतात.

जरा वेळानं परत दोन एक्के. म्हटलं आता गप. वाढवायचं नाय, चहा विचारायचा नाय, मयताला बसल्यासारखं बसायचं. स्वस्तात मिळतंय म्हणून सगळे आत, आणि मालोजींनी कुठनं कुठनं ओळीनं पाच पत्ते लावले. वर पैसे ओढत म्हणतात, "एक्के होते व्हय? मग बोलायचं नाय का रं इलास?" अहो, बोललो तर पळता, नाय बोललो तर मारता... दोन एक्के आल्यावर माणसानं करायचं तरी काय?

खिसा रिकामा. सासूबाई अंगणात बघत म्हणतात, "कोंबडा हाय की. लावा."

आता हा कोंबडा म्हणजे, पिलू असताना मी मांजराच्या तोंडातनं काढलेला. हाक मारली की धावत येतो. आमच्यात दुसऱ्या दिवशी गौरीला तिखटाचा, म्हणजे कोंबडी-मटणाचा नैवेद्य असतो, गणपतीला मधे पडदा लावून. ललिता, म्हणजे आमची मंडळी, तिनं यंदा मसाला वाटून तयार ठेवलेला. मी तिच्या हातापाया पडून त्याचा जीव वाचवलेला, खालापूरहून बॉयलर आणतो बोललो. आणि तोच कोंबडा मी लावला.

का लावला? कारण मला अक्कल सुचली. तीनपत्तीत आमी पत्ते न बघता खेळतो, बंद. गावात बंद खेळावं तर मीच. म्हटलं, आपला चेहरा बोलतो ना? मग चेहऱ्याला सांगायचंच नाय काय आलंय!

हर्षद म्हणतो, "दाजी, पोकरात असं नसतं." म्हटलं, तुझ्या रसायनीत नसेल.

मालोजी पॅक. हर्षद पॅक. सासूबाईंनी पत्ते नाकाला लावून बघितले आणि कनवटीचं सगळं खाली ओतलं. "हाय मी."

मधले पाचही पत्ते पडले. मी माझे उलटले... दोन एक्के. न बघता दोन एक्के हो! मी उभाच राहिलो, ललिताला म्हटलं, सगळ्यांना चहा ठेव, बिस्किटं काढ. तेवढ्यात हर्षदनं सासूबाईंचे पत्ते उलटले. सत्ती आणि दुर्री. आणि मधे बघतो तर एक सत्ती, एक दुर्री. दोन जोड्या. माझी एकच.

म्हटलं, सासूबाई, अहो सत्ती-दुर्रीवर कोण खेळतं?

"मला कुठं दिसतंय बापू? मला कोंबडा तेवढा दिसत होता."

दुसऱ्या दिवशी पडदा लागला, भाकऱ्या झाल्या. मी म्हटलं, मी जेवणार नाय. रडलो सुद्धा, खोटं कशाला सांगू. मग सासूबाईंनी ताट पुढं सरकवलं. "जावईबापू, तुमचाच व्हता ना. दोन्ही तंगड्या तुमाला."

आता दोन एक्क्यांचं मला अजून कळलेलं नाय. पण दोन तंगड्या आल्यावर माणसानं काय करायचं, ते काय कुणी शिकवायला लागलं नाय.